गतिरोधकाच्या अलीकडे

गाडीतून येणाऱ्या आवाजाचे दोन प्रकार असतात. एक मालकाला ऐकू येतो आणि मेकॅनिकला येत नाही. दुसरा मेकॅनिकला ऐकू येतो आणि मालकाला मान्य नसतो. माझ्या गाडीचा आवाज या वर्गीकरणात बसत नव्हता, कारण तो सबंध आळीला ऐकू येत होता आणि आळीतील प्रत्येकाला त्याचे कारण ठाऊक होते.

आवाज असा: पुढच्या डाव्या चाकापाशी एक कोरडा, तुटक 'खट्'. चांगल्या गद्यातील पूर्णविरामासारखा तो एकदाच येई आणि मग शांतता पसरे. गाडी फाटकातून बाहेर काढली की तो येई, परत आणली की पुन्हा येई. बोईसरच्या रस्त्यावर, जेथे खड्ड्यांच्या मधूनमधून रस्ता आढळतो, तेथे मात्र तो मौन पाळी. हे सूचक होते, असे आता वाटते. तेव्हा ते मला गूढ वाटले. आणि गूढाचा छडा लावणे हा माझा जुना व्यवसाय. तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी गुणवत्ता-नियंत्रण विभागात होतो. निवृत्त झाल्यावर समोरची पिंपे गेली, दृष्टी राहिली.

गाडी लाल, दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीलगत धावणारी. वसाहतीतून बदली होऊन निघालेल्या एका अभियंत्याकडून ती मी घेतली, एवढे येथे पुरे. का घेतली, हा प्रश्न माझ्या पत्नीने, म्हणजे मंगलाने, विचारून झाला आहे, आणि त्याचे उत्तर मी अद्याप सिद्ध करीत आहे.

तूर्त महत्त्वाचे होते ते निराळेच. गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. परिवहन खात्याचे निरीक्षक पालघरच्या मैदानावर शिबिर भरवणार होते. तेथे गाडी नेऊन दाखवली आणि ती उत्तीर्ण झाली, तर पुढची पाच वर्षे ती वाहन. नाही तर लोखंड. लोखंडाचा विषय निघाला की रामकिसन यायचाच. हा बोईसरचा भंगारवाला. त्याची तीनचाकी हल्ली आमच्या आळीत वरचेवर दिसू लागली होती. फाटकापाशी थांबून तो आदराने विचारी, "काय बाबूजी, तबीयत कशी हाय?" तो माझ्या प्रकृतीची चौकशी करीत नाही, हे माझ्या उशिराच ध्यानात आले.

मंगलाने आपली भूमिका एका वाक्यात मांडली होती. "पास झाली तर राहू दे. नाही झाली तर रामकिसनला चहा मी स्वतः करून देईन."

आता आमच्या आळीचा भूगोल सांगणे भाग आहे. आमच्या दांडी गावच्या बंदरावरून निघालेला एक अरुंद रस्ता वाड्यांमधून वळत मोठ्या रस्त्याला मिळतो. मध्यावर आमचे घर. बंदराकडे गेले तर वाळू आणि तिच्यापुढे समुद्र. म्हणजे गाडीला बाहेर पडायला मोठ्या रस्त्याचीच बाजू. त्या बाजूला, आमच्या फाटकापासून हाकेच्याही अलीकडे, एक गतिरोधक आहे. तो माझ्यामुळे आहे.

हे मी अभिमानाने सांगत असे. आळीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून, रूपेशचे घर. रूपेशचा मासळीचा टेम्पो. बंदरावर होडी लागली की बर्फात घातलेली मासळी घेऊन तो असा सुटे, की आमच्या ओट्यावरचे वर्तमानपत्र दुसऱ्याच्या वाडीत जाऊन पडे. मी त्याला समजावले. तो म्हणाला, "काका, बोंबील थांबत नाय." मग मी ग्रामपंचायतीस अर्ज केला. एक अर्ज म्हणजे माझ्या बाबतीत एक अर्ज नसतो. प्रस्तावना, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि उपसंहार अशा चार भागांत मी विषय मांडला, त्यावरच्या शेऱ्याला उत्तर दिले, उत्तरावरच्या शेऱ्याला प्रत्युत्तर दिले, आणि अखेर पंचायतीने शरणागती पत्करावी तसा गतिरोधक घातला. उंची चार इंच. गवंडी अंदाजाने घालणार होता. मी पट्टी घेऊन उभा राहिलो.

त्या दिवसापासून रूपेशचा टेम्पो तेथे उडे, बर्फ सांडे, आणि तो माझ्या फाटकाकडे पाहून हात जोडी. त्या नमस्कारात भक्ती नव्हती.

आवाजाच्या प्रश्नावर सल्ले कोणी मागितले नव्हते, म्हणूनच ते विपुल मिळाले. शेजारच्या वाडीतील मंडळींनी खोबरेल सुचवले. पलीकडच्यांचे मत पडले की गाडी दक्षिणेकडे तोंड करून उभी असते. मंगला म्हणाली, "वीस वर्षांची गाडी आहे, वाजणारच. तुमचे गुडघे वाजत नाहीत?" माझे गुडघे वाजतात, परंतु त्यांना शिबिरात न्यायचे नव्हते.

रूपेशने एकदा टेम्पो थांबवून, खिडकीतून डोके काढून, दोनदा नीट ऐकले.

"काका, आवाज गाडीचा नाय. ब्रेकरचा हाय."

"रूपेश, गतिरोधक ही अचल वस्तू आहे. अचल वस्तू ध्वनी करीत नाही."

"मंग गाडी तिथंच का वाजते?"

"कारण तेथे भार एका चाकावरून दुसऱ्या चाकावर संक्रमित होतो."

"आमचा बर्फ पन तिथंच संक्रमित होतो," असे म्हणून तो गेला.

प्रतिपक्षाच्या युक्तिवादात हेतू डोकावत असेल तर तो युक्तिवाद विचारात घेऊ नये, असा माझा नियम आहे. मी विनोदला बोलावले.

विनोदचे गॅरेज बोईसरला, औद्योगिक वसाहतीच्या वाटेवर, शिफ्टच्या बसगाड्या जेथे वळतात तेथे. त्याची निदानपद्धती वेगवान होती. त्याने चाक धरून हलवले, मान तिरपी केली आणि उच्चारले, "बुश." बुश म्हणजे दोन लोखंडी भागांनी एकमेकांचा थेट द्वेष करू नये म्हणून मध्ये बसवलेली रबराची गादी. मी म्हटले, "पुरावा?" तो म्हणाला, "काका, पुरावा कसला, सगळ्या गाड्यांचा बुशच जातो." हे विधान अनुमानाच्या कोणत्याच प्रकारात बसत नव्हते. माझ्या मते दोष पुढच्या जोडदांडीचा होता, आणि ते मी आकृती काढून दाखवले. जोडदांडी बदलली. खट् राहिला. मग शॉक-ॲब्सॉर्बरच्या डोक्यावरची बैठक बदलली. खट् राहिला. नाइलाजाने विनोदला संधी दिली आणि बुश बदलले. तेही साध्या रबराचे नव्हे, कडक, पिवळ्या रंगाचे, शर्यतीच्या गाड्यांत घालतात तसले, कारण बदलायचेच तर सुधारून बदलावे.

खट् राहिलाच, त्यात चीं मिळाली. कडक बुश विशिष्ट वंगणाविना कण्हतात, हे विनोदला ठाऊक नव्हते आणि मला नंतर कळले. आता फाटकाबाहेर पडताना 'चीं-खट्' असा सामासिक ध्वनी निघू लागला. आळीतली कुत्री प्रथम त्यावर भुंकली, मग सवयीने शेपटी हलवू लागली. विनोद म्हणाला, "बघा, फरक पडला ना." यावर मी आकृतीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

त्याच सुमारास मी एका संकेतस्थळावर जाऊ लागलो. असल्या जुन्या गाड्यांचे जगभरातील मालक तेथे जमतात आणि परस्परांचा पाणउतारा करतात. वातावरण मला तत्काळ मानवले. मी प्रश्न विस्ताराने मांडला. कोणा थंड देशीच्या गृहस्थाने उत्तर दिले की वीस वर्षांत मूळ स्प्रिंगा बसल्या असणार, त्या फेकून आखूड आणि ताठ स्प्रिंगा घाला. मूळ स्प्रिंगा फक्त भाजी आणणाऱ्यांसाठी असतात. मी त्या गाडीतून भाजीच आणत होतो. परंतु एखादी गोष्ट खरी असली म्हणून ती परक्याने बोलून दाखवावी असे नाही. मी स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉक-ॲब्सॉर्बर परदेशातून मागवले.

पार्सल सीमाशुल्क खात्यात अडकले. 'मालाचे वर्णन' अशा शीर्षकाची एक रिकामी जागा होती, ती मी गांभीर्याने घेतली. वाहनाच्या देहाचा भार पेलून मार्गाच्या विषमतेचे शमन करणारी सर्पिलाकार पोलादी रचना, येथपासून प्रारंभ करून मी पुरवण्या जोडल्या. काही दिवसांनी तेथून फोन आला. पलीकडचे गृहस्थ थकलेले वाटले.

"साहेब, हे नक्की काय आहे? धरणाचा काही भाग आहे का?"

"स्प्रिंग आहे," मी म्हटले.

"मग तसं लिहा ना."

पार्सल सुटले. भाषेचा असा पराभव मी निमूट सोसला, कारण शिबिर जवळ येत होते.

जोडणीच्या वेळी मी एक निर्णय घेतला, ज्याचे परिणाम पुढे येतील. गाडी बोईसरला पाठवायची नाही. विनोदने आमच्या अंगणात येऊन, माझ्या देखरेखीखाली, कारखान्याच्या पुस्तिकेबरहुकूम काम करावे. विनोद म्हणाला, "काका, गॅरेजवर लिफ्ट आहे." मी म्हटले, "अंगणात मी आहे." तो जॅक आणि ठोकळे घेऊन आला.

जुन्या स्प्रिंगा निघाल्या, नव्या बसल्या, आणि वादाचा खरा विषय पुढे आला. पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की बुशचे बोल्ट अखेरचे आवळताना गाडी चाकांवर उभी असावी आणि तिच्यात बसणाऱ्यांचा भार असावा. नाही तर बुश पिळवटतो. विनोद गाडी अधांतरी ठेवूनच आवळणार होता. मी त्याला परिच्छेद वाचून दाखवला. तो म्हणाला, "मग भार आणा." वाडीत चिकूच्या करंड्या होत्या, पण चिकू म्हणजे माणूस नव्हे, भार आसनावर ज्या रीतीने पडावा त्या रीतीने पडला पाहिजे. तेव्हा गाडीची चाके ठोकळ्यांवर चढवली, विनोद खाली सरकला, आणि आत डावीकडे मंगला व उजवीकडे मी असे आम्ही भार म्हणून बसलो.

दुपार होती. बंदराकडे जाणारी-येणारी माणसे फाटकापाशी थांबू लागली.

"कुठं निघालात, काका?"

"कोठेही नाही."

"मंग बसलात का?"

"वजन म्हणून."

लोक मान हलवून पुढे जात आणि पुढच्यांना थांबवून सांगत. दोन बायका टोपल्या उतरवून कट्ट्यावर बसल्या. रूपेश आला, त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून विनोदचे पाय पाहिले आणि मंगलाला म्हणाला, "काकी, फोटो काढतो. असा जोडा हलत नाय म्हनून बरा येतो." मंगलाने पदर नीट केला. मी सरळ समोर पाहत राहिलो. खालून विनोद म्हणाला, "काका, श्वास घेऊ नका, गाडी हलते." मी श्वास रोखून आत्मसन्मान सांभाळला, दोन्ही फार वेळ रोखता आले नाहीत.

संध्याकाळी गाडी ठोकळ्यांवरून उतरली. तिचे रूप पाहून मी क्षणभर माझे वय विसरलो. ती जमिनीला अशी बिलगली होती की चाक आणि वरची कमान यांत बोटही शिरेना. अंगणात जुन्या स्प्रिंगा, बुश, दांड्या पडल्या होत्या. मी विनोदला सांगितले, "हे अवशेष प्रथम हलव. अंगणाची शोभा जाते." त्याने हलवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सदरा इस्त्रीचा घालून, मी गाडी फाटकाबाहेर काढली. चीं नाही, खट् नाही. मंगला ओट्यावर उभी होती. तिच्याकडे मी एक अर्थपूर्ण दृष्टिक्षेप टाकला. पुढची चाके गतिरोधकावर चढली, उतरली, आणि मग एक नवा आवाज आला, जो वर्णनास सोपा नाही. पिठाच्या डब्याचे झाकण कोणी दगडावर घासावे तसा. गाडी थांबली. पुढची चाके पलीकडे, मागची अलीकडे, आणि मधले पोट माझ्या चार इंचांवर टेकलेले.

गाडीचे पोट आता जमिनीपासून साडेतीन इंच होते.

मागे टेम्पोचा भोंगा वाजला. रूपेश उतरला. त्याने पाहिले. तो हसला नाही, हे मी न्यायबुद्धीने नमूद करतो; तो फक्त उकिडवा बसला आणि गाडीखालून आरपार पाहत राहिला.

"काका, बर्फ वितळतोय."

"मला दिसते आहे."

"दोन वर्सं आमचा बर्फ वितळला, तवा तुमाला दिसला नाय."

बंदरावरच्या चौघांनी गाडी मागे ढकलून फाटकात घातली. मंगलाने माझ्या त्या अर्थपूर्ण दृष्टिक्षेपाची परतफेड केली.

दोन-तीन दिवस पुस्तिकेत उपाय शोधण्यात गेले आणि शिबिराला आठवडा उरला. मी विनोदला फोन लावला: जुन्या स्प्रिंगा परत घाल.

"काका, त्या तर रामकिसनला दिल्या. तुम्हीच म्हणालात, शोभा जाते."

रामकिसन बोईसरला आपल्या ढिगाऱ्यावर बसला होता. मला पाहून तो उठला. "या बाबूजी. गाडी कुठाय? बाहेर उभी हाय का?" त्याच्या स्वरातील आशा मला लागली. स्प्रिंगांचे विचारल्यावर तो म्हणाला, "वो तो असली पोलाद. भंगारात कोण ठेवणार? वाणगावचा लोहार घेऊन गेला." वाणगावचा लोहार बाजाराच्या कडेला भाता मारीत होता. त्याने भट्टीकडे बोट दाखवले, मग बाजाराकडे. जुन्या स्प्रिंगेचे पोलाद धार धरते, म्हणून त्याचे कोयते होतात आणि ते डोंगराकडचे लोक हातोहात नेतात, हे त्याने मला सांगितले. माझ्या मागच्या दोन स्प्रिंगांचे विळे होऊन गेले होते. पुढच्या डावीचा कोयता झुंबर नावाच्या बाईंनी सासऱ्यासाठी उचलला होता. पुढच्या उजवीचा कोयता नुकताच झिपरू नावाच्या गिऱ्हाइकाच्या हातात गेला होता आणि तो तेथेच उभा राहून अंगठ्याने धार पाहत होता.

"हा कोयता माझी स्प्रिंग आहे," मी त्याला म्हटले.

झिपरूने कोयत्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले. "तुमची?"

"माझ्या गाडीची. पुढच्या उजव्या चाकाची."

"आता हा माझ्या उजव्या हाताचा हाय," तो म्हणाला. "न्या तुमी. पन मंग गवत बी तुमीच कापाया या."

या प्रस्तावात तर्कदोष नव्हता. लोहाराने एक तुकडा शिल्लक असल्याचे सांगून, पुढच्या डाव्या स्प्रिंगेच्या शेपटाचा एक आखूड कोयता माझ्या हाती दिला. मी तो पिशवीत घालून घरी आणला. मंगलाने त्याने नारळ सोलून पाहिला. "पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं आणलंत," ती म्हणाली.

राहिला एकच मार्ग: गतिरोधक काढवणे. मी लिहायला बसलो.

पंचायतीत सरपंच सुलूताई होत्या. त्यांनी माझा नवा अर्ज दोन्ही हातांनी घेतला, कारण एका हाताला पेलला नसता, आणि म्हणाल्या की हा ग्रामसभेपुढे ठेवावा लागेल. सुदैवाने सभा दोनच दिवसांवर होती. मी भाषण तयार केले. त्यात वाहन ही माणसाच्या गतीची सहचरी असते, असे एक वाक्य होते, ज्यावर मी विशेष खूष होतो.

सभेत सुलूताईंनी विचारले, कोणाची हरकत? रूपेश उठला.

"माजी हाय."

"लेखी आणलीस?"

"मला येवडं लिवता येत नाय. पन काकांनी आदीच लिवून ठेवलंय. मागचा अर्ज काडा."

मागचा अर्ज काढायला वेळ लागला नाही. तो पंचायतीने नमुना म्हणून फाईलच्या अगदी वर ठेवला होता. नवीन कारकुनाला तो वाचायला देतात म्हणे. सुलूताईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'ज्या मार्गाने बालके शाळेस, वृद्ध देवळास आणि गाई गोठ्यास जातात, त्या मार्गाची मालकी वेगाकडे नसून सावधपणाकडे असावी.'"

सुलूताईंचा आवाज चांगला होता, आणि मला कबूल केले पाहिजे, गद्यही चांगले होते. त्या उपसंहाराला पोहोचल्या.

"'वाहनाने रस्त्याशी जुळवून घ्यावे, रस्त्याने वाहनाशी नव्हे. आज एका वाहनाची अडचण म्हणून गतिरोधक काढाल, तर उद्या वाहनांची अडचण म्हणून माणसे काढावी लागतील.'"

टाळ्या पडल्या. मागे कोणी म्हातारी डोळे पुसत होती. माझ्याही हाताने टाळी वाजवण्याची हालचाल केली, ती मी वेळेवर आवरली.

"बोला काका," सुलूताई म्हणाल्या.

मी उभा राहिलो. भाषण हातात होते. आयुष्यात प्रथमच माझ्यासमोर असा प्रतिपक्ष होता, ज्याच्या एका वाक्यातही मला फट सापडेना. गतीची सहचरी वगैरे शब्द कागदावर पिळवटलेल्या बुशासारखे दिसू लागले.

"मला विचार करायला अवधी द्यावा," मी म्हटले.

"घ्या की. पण खरं सांगू, काका, या अर्जाला उत्तर लिहील असा माणूस आमच्याकडे नाय. तुमच्या बघण्यात असला तर पाठवा."

शिबिराच्या आदल्या दिवशी रामकिसन आला. फाटकाबाहेर तीनचाकी उभी करून तो कट्ट्यावर बसला. मंगला आत गेली आणि मला भांडी वाजल्याचे ऐकू आले. आधण ठेवण्याचा आवाज मी ओळखतो. मी गाडीच्या दारावर हात ठेवून उभा राहिलो. त्या दोन दारांच्या, दोन माणसांच्या, भाजी आणणाऱ्या गाडीची मला इतकी लाज आणि इतके प्रेम एकदम कधीच वाटले नव्हते.

तेवढ्यात रूपेश फाटकातून आत आला. कट्ट्यावर रामकिसन, आत आधण, दाराशी मी: त्याने एका नजरेत सारे प्रकरण वाचले.

"काका, होडी वाळूवरनं कशी नेतात, बगितलंय?"

"पाहिले आहे."

"फळ्या टाकतात. फळ्यांना तेल. दोर. मानसं."

"ही होडी नव्हे, रूपेश."

"बाहेर जात नाय, घरात मावत नाय, अन् तुमी रोज बगत बसता. मंग काय हाय?"

भांगाचे दिवस होते. भरतीला जोर नसतो, होड्या बाहेर जात नाहीत आणि माणसे बंदरावर बसून असतात. दुसऱ्या दिवशी पहाट सरताच बाराजण लांब जाड फळ्या घेऊन आले. गतिरोधकाच्या अलीकडून पलीकडे दोन समांतर वाटा पडल्या. फळ्यांना माशाचे तेल चोळले गेले. गाडीला दोर लागला. मी हातभार लावायला पुढे झालो तर एकाने अडवले. "ज्याची होडी तो ओढत नाय. नारळ घिऊन म्होरं उबा राहतो." ही तिथली रीत. मी इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही हातांत नारळ धरून, माझ्याच गतिरोधकाच्या पलीकडे उभा राहिलो. सगळी आळी जमली होती. एकाने सूर धरला, बाकीच्यांनी ओढ घेतली, आणि माझी गाडी बोंबलाच्या वासात, अर्धा इंच कमी पडण्याऐवजी दोन इंच वरून, माझ्या चार इंचांवरून तरंगत गेली. मंगलाने पुढच्या डाव्या स्प्रिंगेच्या कोयत्याने नारळ फोडला. खट्. तोच कोरडा, तुटक, एकदाच येणारा ध्वनी. मी दचकून गाडीकडे पाहिले. कुत्र्यांनी शेपट्या हलवल्या.

"हे आधी का नाही केलंत?" मंगलाने विचारले.

"आधी अर्ज चालू होता."

पालघरच्या मैदानावर निरीक्षकाने दिवे पाहिले, भोंगा ऐकला, क्रमांक पडताळला आणि सही करायला कागद पुढे ओढला. एवढ्या सायासाने बसवलेली रचना कोणी वाकूनही पाहू नये, हे मला असह्य झाले.

"आपण सस्पेन्शन पाहिले नाही," मी म्हटले.

त्याने पेन थांबवले. "बघू?"

"अवश्य."

"बघितलं तर लिहावं लागेल," तो शांतपणे म्हणाला. "मूळच्या उंचीपेक्षा गाडी खाली दिसतेय मला. बघू का?"

लेखनाची ताकद मी त्याच आठवड्यात अनुभवली होती. "नको," मी म्हटले. गाडी पाच वर्षांसाठी वाहन झाली. पालघरहून परत येताना तिने एकदाही आवाज केला नाही. वळणे तिने अशी घेतली की माझ्या तोंडून आपोआप एक वृत्तबद्ध चरण निघाला.

आळीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा फळ्या गेल्या होत्या. रूपेश अंगणात बर्फाच्या पेट्या धूत होता.

"माणसे बोलाव," मी म्हटले. "आत न्यायची आहे."

"आज? पान्यात घातलेली होडी त्याच दिवशी वर घेत नायत, काका. अपशकून."

"उद्या?"

"उद्या भांग मोडते. सगळे दर्यात." त्याने पेटी पालथी घातली. "ठेवा आमच्या अंगनात. बोंबलांच्या मांडवाखाली जागा हाय."

मी त्याच्या अंगणाकडे पाहिले. वर दोरीवर बोंबील वाळत होते. खाली सावली होती.

"किती दिवस?"

"पायजे तेवडे. एकच अट हाय." तो प्रथमच हसला. "अर्ज लिवायचा नाय. बोंबलांच्या वासाचा नाय, टेम्पोचा नाय, ब्रेकरचा नाय. कुनाच्याच नावानं नाय."

मी पंचायतीतील माझ्या दोन अर्जांचा विचार केला, ज्यांपैकी एकाने दुसऱ्याला ठार केले होते. मी किल्ली फिरवली आणि गाडी मांडवाखाली लावली.

तेव्हापासून ती तेथेच आहे. रोज सकाळी मी चालत गतिरोधक ओलांडतो, टपावरचे खवले पुसतो आणि बोईसरला भाजीला जातो. गाडीचा आवाज पूर्ण थांबला, कारण ती गतिरोधकावरून जातच नाही. म्हणजे रूपेशचे निदान बरोबर होते, परंतु ते मी त्याला बोलून दाखवलेले नाही. मंगला मागच्या दारी नारळ फोडते तेव्हा मात्र खट् ऐकू येतो आणि मी अजून मान वळवतो. अर्ज मी लिहिलेला नाही. हे जे लिहिले आहे ते कोणत्याही कार्यालयास उद्देशून नाही, त्यात मागणी नाही, खाली सही नाही, आणि शेवटी कळावे असेही म्हटलेले नाही. हा अर्ज नव्हे, हे रूपेशने कृपया ध्यानात घ्यावे.